वाटेचं माप

अण्णांची पद्मिनी सकाळी चालू केली की आधी ओरडायची, मग बोलायची. ओरडणं दहा-बारा सेकंदांचं. बारीक, धारदार, एका सुरातलं. पावसाळ्यात धरमतरच्या खाडीवरून आलेली ओल रात्रभर बोनेटखाली मुरली की ते आणखी लांबायचं आणि शेजारच्या ओटीवरचा कुत्रा कान टवकारून उठायचा. मग तो सूर हळूहळू खाली यायचा, इंजिनाची घरघर वर यायची आणि अण्णा मागे न बघता म्हणायचे, “पट्टा जागा झाला. बसा आता.”

गाडीच्या पोटात खरोखरच कुणीतरी झोपलेलं असतं, असं मला लहानपणी वाटे. एका रविवारी अण्णांनी बोनेट उघडून मला स्टुलावर उभं केलं आणि तो झोपणारा दाखवला. काळा, बोटभर रुंदीचा, रबराचा गोल पट्टा. तीन पुल्यांभोवती त्याने त्रिकोण धरला होता. खाली इंजिनाच्या क्रँकची पुली, वर पंखा आणि पाण्याचा पंप एकाच दांड्यावर, बाजूला डायनामो. इंजिन फक्त खालची पुली फिरवतं, अण्णा सांगत होते. पंखा, पंप आणि डायनामो या पट्ट्याच्या भरवशावर फिरतात. पंप थांबला तर इंजिन तापेल, डायनामो थांबला तर दिवे विझतील. मी विचारलं, “आणि पट्टा थांबला तर?” अण्णा म्हणाले, “तर आपण थांबायचं. लगेच.”

ती गाडी आमच्याकडे १९९१ साली आली, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. अण्णा पेणहून रोज रोह्याला शाळेत गणित शिकवायला जायचे. भविष्य निर्वाह निधीतून कर्ज काढून त्यांनी मुंबईतल्या एका ओळखीच्या गृहस्थांची जुनी गाडी घेतली. एके काळी या गाडीसाठी नाव नोंदवून माणसं वर्षानुवर्षं वाट बघत. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, पुढे कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटची गाडी बनू लागली आणि १९७४ पासून तिला चितोडच्या राणीचं नाव मिळालं. आमच्याकडे मात्र सगळे तिला शेवटपर्यंत ‘फियाट’च म्हणत. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर, पुढच्या दारांना तिकोनी झरोके. वडखळकडे जाताना तो झरोका किंचित कलता केला की मिठागरांवरचा वारा थेट गालावर यायचा. माझ्या लेखी प्रवासाचा वास तो.

अण्णा गेले त्याला आता चार वर्षं झाली. गाडी चालवते मी. दर पाच वर्षांनी तिच्या नोंदणीचं नूतनीकरण करायचं आणि त्यासाठी पेणच्याच आरटीओत तिला उभी करायची, हेही आता माझ्याकडे आलं आहे.

पट्टा तुटला तो श्रावणाच्या अखेरीस. पेणमधून निघताना गल्लीबोळांतून गणपतीच गणपती बाहेर पडत होते. पारदर्शक कागदात गुंडाळलेल्या मूर्ती टेम्पोत ओळीने उभ्या, एकमेकींना लागू नयेत म्हणून मध्ये गवताच्या पेंढ्या. आईला तिच्या माहेरी, रोह्याला सोडायचं होतं. अंबा नदीकाठचं नागोठणं मागे पडलं, डावी-उजवीकडची भातखाचरं हिरवीगार झाली होती आणि भिसे खिंडीच्या चढाला गाडी लागली तेव्हा बोनेटखाली ‘फट्’ असा एक ओला आवाज झाला. त्यानंतर काहीच नाही. गाडी चालतच राहिली. म्हणूनच ती वेळ फसवी असते. समोरचा लाल दिवा लागला आणि पाण्याचा काटा सावकाश उजवीकडे सरकू लागला. ‘तर आपण थांबायचं. लगेच.’ मी गाडी कडेला घेतली.

बोनेट उघडून बघितलं. पट्टा तुटून खाली लोंबत होता, एका बाजूने धागे पिंजलेले. तो अण्णांनी स्वतःच्या हाताने बसवलेला पट्टा होता. त्यांची शिस्त अशी की डिकीत एक जादा पट्टा कायम असायचा, पावडर लावून जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला. जाण्याच्या वर्षभर आधी त्यांनी तो बसवला. त्याच्या जागी दुसरा आणून ठेवायचं राहून गेलं, त्यांचंही आणि माझंही. त्यांचा हात लागलेली त्या गाडीतली शेवटची वस्तू माझ्या तळहातावर होती. उन्हाने नव्हे, इंजिनाने गरम झालेली.

एका मिनीडोअरवाल्याने थांबून टोचन केलं. त्याच्या मागे दोराने बांधून घेत आम्ही खिंड उतरलो आणि मामाच्या अंगणात गाडी लावली. टोचनच्या गाडीला एकच नियम: दोर ढिला पडू द्यायचा नाही आणि झटकाही द्यायचा नाही. ती अर्ध्या तासाची वाट मी आयुष्यात सर्वांत लक्ष देऊन चालवली असेन.

नवा पट्टा आणायचा एवढंच काम होतं. त्याला सतरा दिवस लागले.

पेणच्या दुकानातल्या मुलाने संगणकासमोर बसून विचारलं, “मॉडेल कोणतं, ताई? साल?” मी सांगितलं. त्याने दोनदा शोधलं आणि मान हलवली. पंधरा वर्षांपूर्वी असं झालं नसतं. मुंबईत काळ्या-पिवळ्या पद्मिनी हजारोंनी धावत होत्या तोवर त्यांचे पट्टे, पंप, ब्रेकचे रबर पनवेलपासून महाडपर्यंत कुठल्याही दुकानाच्या खिळ्यावर लटकलेले असत. टॅक्सी रोज दीडशे-दोनशे किलोमीटर धावते, तिला सतत काहीतरी लागतं, आणि तिच्या मागणीवर आमच्यासारख्यांच्या घरगुती गाड्या जगत. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. टॅक्सीला वयाची मर्यादा २० वर्षांची. ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती मुंबईच्या रस्त्यावर धावू शकत नव्हती. वर्तमानपत्रांनी त्या दिवशी निरोपाचे लेख छापले. पण एखादं वाहन रस्त्यावरून जातं ते एकटं जात नाही. त्याच्यापाठोपाठ खिळे रिकामे होतात, दुकानदार ते सामान मागवणं थांबवतो, आणि मग एखाद्या तालुक्याच्या गावी कुणीतरी तळहातावर तुटका पट्टा घेऊन उभं राहतं.

मुंबईत ऑपेरा हाउसजवळ गाड्यांच्या सुट्या भागांचा जुना बाजार आहे. तिथून एका नातेवाइकाने गाडीचं नाव सांगून पट्टा पाठवला. नवा कोरा, वेष्टनावर गाडीचं नाव छापलेला. मी तो छातीशी धरून दिव्याहून येणाऱ्या रोहा गाडीत बसले. मामाच्या अंगणात बसवायला घेतला तर डायनामो पूर्ण आत ढकलूनही दोन बोटं कमी पडत होता. नाव बरोबर होतं, पट्टा चुकीचा होता.

मग मी दुसरा मार्ग धरला. तुटका पट्टा जमिनीवर सरळ पसरला, टेपने मोजला, तो आकडा घेऊन पेणला आले आणि बरोबर तेवढ्याच लांबीचा पट्टा मिळवला. रोह्याला परत. हा सहज चढला, फारच सहज. डायनामोच्या कानाची खाच संपेपर्यंत बाहेर ओढला तरी पट्टा पोट सोडूनच बसलेला. गाडी चालू केली तर तोच जुना सूर, पण आता न थांबणारा. मी पट्टा उतरवून मामाच्या ओटीवर बसले. एका बाजूला पुस्तकाप्रमाणे आणलेला, तो अपुरा. दुसऱ्या बाजूला जुन्याप्रमाणे आणलेला, तो ढिला. आई आतून चहा घेऊन आली, दोन्ही पट्ट्यांकडे बघितलं, काही बोलली नाही.

काही बोलली नाही, कारण जे बोलायचं ते ती वर्षापूर्वीच बोलून गेली होती. अण्णा गेल्यावर मी घरात त्यांची जागा भरायला घेतली होती. त्यांच्या वेळेला चहा, त्यांच्या वेळेला बातम्या, त्यांच्याच दुकानातून पोहे आणि पापड, महिन्याच्या हिशोबाची त्यांची वही त्यांच्याच तांबड्या शाईत. संध्याकाळी त्यांच्या खुर्चीत बसायचं, म्हणजे आईला ती रिकामी दिसणार नाही. मी हे सगळं प्रेमाने करत होते. एके दिवशी आईने माझ्या हातातली वही काढून घेतली आणि म्हणाली, “तू अण्णा होऊ नकोस ग.” मला ते तेव्हा लागलं. त्याचा अर्थ मात्र लागला नव्हता.

मामाने सांगितलं, कुंडलिकेच्या पलीकडे, अष्टमीला, एक म्हातारे मिस्त्री आहेत. मी दोन्ही पट्टे आणि तुटका तुकडा पिशवीत घालून पूल ओलांडला. मिस्त्रीकाका पत्र्याच्या शेडमध्ये एका जीपखालून बाहेर आले, हात पुसले. मी पिशवी उघडायला लागले तशी त्यांनी हात केला.

“पट्टा नको दाखवूस, बाय. गाडी दाखव.”

ते माझ्याबरोबर चालत आले. बोनेट उघडल्यावर कुणीही पहिल्यांदा इंजिनाकडे बघतो. ते बराच वेळ फक्त पुल्यांकडे बघत राहिले. मग डायनामोवर बोट ठेवलं. “ह्यो हिचा नाय.” तो डायनामो नव्हताच. दिवे मंद लागतात म्हणून अण्णांनी कधीतरी दुसऱ्या गाडीचा अल्टरनेटर बसवून घेतला होता, आणि त्याची पुली मूळच्यापेक्षा मोठी होती. म्हणजे कारखान्याने ठरवलेली पट्ट्याची वाट आता बदलली होती. वेष्टनावर छापलेलं नाव गाडीचं होतं. आमची गाडी त्या नावातून केव्हाच थोडी बाहेर आली होती. आणि तुटक्या पट्ट्याचं माप? ते म्हणाले, “तो ताणलेला, झिजलेला. मरताना तो जेवढा होता तेवढा तू मोजलास. लागला तेव्हा तेवढा नव्हता.”

मग त्यांनी खिशातून पट्ट्याच्याच जाडीची एक सुती दोरी काढली. पातळ सुतळी का नाही, तेही सांगितलं. सुतळी खोबणीच्या तळाला जाते, पट्टा तळाला जात नाही. तो वर, काठाशी बसतो. दोरी तळाला गेली की माप खोटं. अल्टरनेटर खाचेत मधल्यापेक्षा थोडा आतल्या बाजूला उभा केला, कारण नवा पट्टा पुढे सैलावणार, तेव्हा बाहेर ओढायला जागा उरली पाहिजे. आणि दोरी फिरवली. क्रँकच्या पुलीवरून पंख्याच्या, पंख्यावरून अल्टरनेटरच्या, तिथून परत खाली. जिथे टोक टोकाला भेटलं तिथे तांबड्या धाग्याची गाठ मारली.

“हे झालं माप,” ते म्हणाले. “पट्ट्याचं नाय, वाटेचं.”

मी त्या दोरीकडे बघत राहिले. आईचं ते वर्षापूर्वीचं वाक्य मला त्या क्षणी, त्या अंगणात कळलं.

मिस्त्रीकाका मला ज्या दुकानात घेऊन गेले तिथे गाड्यांची नावं चालत नव्हती, फक्त मापं चालत होती. शेतीचे पंप, भाताच्या गिरण्या, धाटावच्या औद्योगिक वसाहतीतली यंत्रं, सगळ्यांचे पट्टे तिथे भिंतभर खुंट्यांवर टांगलेले. नव्या रबराचा आणि पावडरीचा वास. त्या भिंतीसमोर उभं राहिल्यावर मला आमच्या तालुक्यातली सगळी फिरणारी चाकं आठवली. भाताचा हा मुलूख, त्यामुळे गावोगाव गिरणी. लहानपणी मी आजीबरोबर भात कांडायला जायची. तिथला चपटा पट्टा माझ्या उंचीपेक्षा वर, इंजिनाच्या खोलीतून भिंतीतल्या चौकोनातून आत यायचा. सपाट पट्टा निसटत कसा नाही याचं मला नवल वाटायचं. गिरणीच्या मालकाने सांगितलं होतं की पुली मध्ये किंचित फुगीर असते, आणि पट्ट्याचा स्वभाव असा की तो उंचवट्याकडे चढतो. घसरायला लागला की ते त्याच्यावर राळ टाकत. उलटं फिरवायचं असेल तर त्याला मध्ये पीळ देऊन आठाच्या आकड्यासारखा लावत. शिंप्याच्या मशिनला चामड्याची वादी असायची. आणि आजीच्या माळ्यावर तिच्या आईचा चरखा होता. मोठं चाक एक फेरा घेतं तेव्हा दोरीच्या ओढीने बारीक चाती कित्येक फेरे घेते. विनोबा भाव्यांचा जन्म १८९५ साली आमच्याच पेण तालुक्यातल्या गागोद्याचा, त्यामुळे चरख्याला आमच्या घरात जरा जास्त मान. तो चरखाही एका दोरीवरच चालायचा. दोरी सैल पडली की सूत तुटे, आणि आजी म्हणे तिची आई तो तसाच थांबवून आधी दोरी सारखी करून घेई.

मोटारीच्या पट्ट्याचा आकार मात्र या सगळ्यांहून वेगळा. तो चपटा नाही, गोलही नाही. आडवा कापला तर तो पाचर दिसतो, वर रुंद, खाली निमुळता. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात जॉन गेट्स यांनी १९१७ साली रबर आणि सुती धाग्यांचा असा पट्टा बनवला आणि गाड्यांना तोवर लावले जाणारे दोराचे पट्टे मागे पडले. या आकारातली करामत मला अण्णांनी धरमतरच्या धक्क्यावर समजावली होती. बार्ज धक्क्याला लागत होती आणि एक माणूस तिचा दोर लोखंडी खुंटाला वेढे देऊन, एका हाताने शांतपणे धरून उभा होता. शेकडो टनांची बार्ज, एक माणूस. अण्णांनी तिथेच मातीत काडीने सूत्र लिहिलं. १८व्या शतकातल्या ऑयलर या गणितज्ञाचं ते सूत्र. घर्षण गुणांक ०.३ धरला तर एका पूर्ण वेढ्याला हाताची ओढ साडेसहापट होते, दोन वेढ्यांना त्रेचाळीसपट. वेढे वाढतात तसं बळ बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतं. मग ते म्हणाले, “आता आपल्या पट्ट्याचं बघ. त्याला पुलीवर जेमतेम अर्धाच वेढा मिळतो. सपाट असता तर अडीचपट पकडला असता. पाचर आहे म्हणून पंधरापट.” खोबणीच्या दोन्ही भिंतींमध्ये तो ओढीने आत रुततो, आणि जेवढी ओढ जास्त तेवढा घट्ट रुततो. तो धरतो कडांनी. तळाने नाही.

तेच मिस्त्रीकाका आता दुकानात मला अंगठ्याने दाखवत होते. माझ्या तुटक्या पट्ट्याच्या कडा आरशासारख्या चकचकीत झाल्या होत्या आणि खालची बाजूही चकचकीत होती. “खाली चमक आली म्हणजे काय? म्हणजे हा झिजून तळाला टेकला होता. तळाला टेकलेला पट्टा धरत नाय, बाय. नुसता फिरतो आणि ओरडतो.” म्हणजे ज्याला आम्ही पट्ट्याचं जागं होणं म्हणत होतो, ते शेवटच्या वर्षात त्याचं हरणं होतं. मी ऐकत होते रोज, आणि ऐकू येत नव्हतं.

दुकानदाराने दोरी फूटपट्टीवर लावली आणि एक पट्टा काढला. मिस्त्रींनी तो बोटांत वाकवून परत दिला. तो गिरणीचा, ‘ए’ वर्गाचा, १३ मिलिमीटर रुंद. त्याच्यावर ‘ए’ आणि पुढे आकडा असतो, तो आतल्या लांबीचा, इंचांत. गिरणीची पुली मोठी, तिथे तो सुखाने वाकतो. गाडीची पुली लहान. तिथे दर फेऱ्याला वाकताना तापेल आणि सहा महिन्यांत तडकेल. मोटारीच्या पट्ट्यावर दोन आकडे असतात, आधी रुंदी, मग लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. आतल्या बाजूने दाते पाडलेले, म्हणजे लहान पुलीवर त्याला वाकायला श्वास मिळतो. नव्या गाड्यांचे पट्टे तर आणखी निराळे, चपटे आणि लांबीच्या रेघा असलेले. ‘६ पीके’ लिहिलं असेल तर सहा रेघा. एकच लांब पट्टा सगळ्यांना फिरवतो आणि स्प्रिंगची एक पुली त्याचा ताण आपोआप सांभाळते. आमच्या गाडीला ताण हाताने द्यावा लागतो.

तिसरा पट्टा बसला. त्यावरचा आकडा मी इथे लिहीत नाही, कारण तो दुसऱ्या कुणाच्याही उपयोगाचा नाही. दुसऱ्या कुठल्या पद्मिनीला तो बसेलच असं नाही. तो फक्त आमच्या गाडीचा आकडा आहे, अण्णांनी तिच्यात काय काय बदललं त्या सगळ्यासकट.

बसवण्याचं काम त्यांनी मला करायला लावलं. मी घाईने स्क्रू-ड्रायव्हर घालून पट्टा पुलीच्या काठावरून चढवायला गेले तर त्यांनी हात धरला. तसं केलं की आतले धागे तिथल्या तिथे तुटतात, बाहेरून दिसत नाहीत; पट्टा नवाच दिसतो आणि महिन्याने जातो. आधी नट ढिले कर, अल्टरनेटर आत ढकल, पट्टा आपल्या पायाने जागेवर जाऊ दे. मग टॉमीने अल्टरनेटर बाहेर दाबून धर आणि नट आवळ. किती दाबायचं? त्यांनी माझा अंगठा पट्ट्याच्या सगळ्यात लांब भागावर मध्यभागी ठेवला. “जोर दे. अर्धा इंच गेला पाहिजे. जास्त नाय, कमी नाय.” कमी ताणला तर घसरेल, ओरडेल, जळेल. जास्त ताणला तर ओरडणार नाही, गाडी गपचूप चालेल, आणि पंपाचं बेअरिंग आतल्या आत खाल्लं जाईल. ढिल्या पट्ट्याची तक्रार ऐकू येते. फार आवळलेल्याची येत नाही, तो दुसऱ्याला मारतो.

मराठीत ताण हा शब्द आपण हल्ली फक्त दुखण्यासारखा वापरतो. ताण आलाय, ताण घालवायचाय. पण तंबोऱ्याला ताण लागतो, मागाला लागतो, टोचनच्या दोराला लागतो. बिनताणाचा पट्टा पुलीवर असतो, पण कुणाला फिरवत नाही. अण्णांच्या जाण्यानंतरचं वर्ष मी असंच काढलं होतं. आधी पुस्तकाप्रमाणे, म्हणजे शोकात माणसांनी कसं वागावं याचं जे छापील असतं तसं. ते अपुरं पडलं. मग जुन्याप्रमाणे, म्हणजे अण्णांच्या शेवटच्या दिवसांचं माप घेऊन, त्यांच्या थकलेल्या, सैलावलेल्या दिनक्रमाची हुबेहूब नक्कल करून. ते धरेना. आई आणि मी, आमच्यामधलं अंतर मोजायचं मात्र राहून गेलं होतं. घरात आता वाटच वेगळी होती. तीन चाकांचा त्रिकोण राहिला नव्हता. त्या वाटेला लागेल तेवढं, तेवढ्याच लांबीचं काहीतरी आम्हाला हवं होतं, आणि ते अण्णांसारखं दिसायची गरज नव्हती.

पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवून मिस्त्रींनी परत बंद केलं आणि पुन्हा अंगठा लावायला सांगितला. नवा पट्टा पहिल्या काही फेऱ्यांत खोबणीत बसतो आणि थोडा सैलावतो. तेव्हा पुन्हा आवळायचा. “पहिल्यांदा आवळून निघून जायचं नाय,” ते म्हणाले. “परत येऊन बघायचं.”

दुसऱ्या दिवशी आम्ही पेणला निघालो. रोह्याच्या स्टेशनवरून जाताना आईने काच खाली केली. मध्य रेल्वेचा मार्ग इथे संपतो आणि कोकण रेल्वेचे किलोमीटर इथूनच, शून्यापासून, मोजायला लागतात. रूळ मात्र सलग जातात. गाडीत बसलेल्याला कळतही नाही. भिसे खिंडीत आम्ही तुटल्या जागी थांबलो नाही. नागोठण्याच्या पुढे आई म्हणाली, “आवाज नाही येत.” मी म्हटलं, “येणार नाही.” थोड्या वेळाने ती म्हणाली, “सवय झाली होती.” आणि हात बाहेर काढून तिने झरोका किंचित कलता केला.

घरी आल्यावर हिशोबाची वही मी निळ्या शाईने लिहायला घेतली. संध्याकाळचा चहा आता आई करते, तिला हवा तेव्हा. अण्णांची खुर्ची ओटीवर गेली आहे आणि येईल तो तिच्यात बसतो.

डिकीत नवा जादा पट्टा आहे, पावडर लावून गुंडाळलेला. त्याच्याबरोबर मिस्त्रीकाकांची ती सुती दोरीही आहे. निघताना मी ती त्यांना परत द्यायला गेले, तर त्यांनी माझ्याच हातात तिची घडी घातली. “पट्टे जातील बाय, येतील,” ते म्हणाले. “ही ठेव.” आणि गाठीपलीकडे दोरीचा जो वीतभर तुकडा उरला होता तो मी कापायला निघाले होते, तोही त्यांनी तसाच ठेवायला सांगितला. कधी गाडीत काही बदललं तर गाठ सोडून पुढे बांधायला.